यात्रेच्या आठवड्यातले आकडे

लाइट गेली की तेर गावच्या त्या घरात पहिली हाक इरम्माबाईंची यायची, "राजू, तुझी चुंबकं थांबली गं!"

राजू म्हणजे राजेश्वरी, त्यांची सून. धाराशिवच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची, तासिका तत्त्वावर. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की बसा घरी. यंदा त्याच कॉलेजात कायमची जागा निघाली होती. वयाच्या अटीत बसायची तिची ही शेवटची संधी आणि जागेला पीएच.डी. हवी. प्रबंध तयार होता, मार्गदर्शक अण्णाराव सरांनी सहीही केली होती. आता फक्त बांधून विद्यापीठात नेऊन द्यायचा.

प्रबंध होता त्या चुंबकांवरच. अणूएवढी इवली चुंबकं एका रांगेत, प्रत्येकाची शेजाऱ्यावर नजर आणि एकेका चुंबकाचं तोंड एकाच वेळी वरही आणि खालीही. चार-सहा असली तर कागदावर जमतं. रांग लांबली की जगातल्या कुठल्याच संगणकाला सगळा हिशेब पेलत नाही. मग नमुना काढायचा. तिचा नवरा सोमलिंग आडत दुकानात तुरीच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो आणि पोत्याची परीक्षा करतो, तसंच. नळी कधी इथं, कधी तिथं. ती कुठं खुपसायची ते यंत्र रँडम आकड्यांवरून ठरवतं.

हे करणारं सॉफ्टवेअर तिला फुकट मिळालं होतं. ओपन सोर्स. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही आत डोकावावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी असं. पण ते लिहिणाऱ्यांच्या गावात लाइट जात नसावी. तेरमध्ये हिशेब मध्येच तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर तरी किती ओढणार? शेवटी तिनंच एक भाग लिहिला: चाललेलं काम जपून ठेवायचं आणि लाइट आली की तिथूनच पुढं न्यायचं. लोकांनी तो तपासला, वाखाणला, मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतला. कुठल्याशा दूरदेशीच्या विद्यार्थ्यानं आभाराचे दोन शब्दही लिहिले, त्याचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता म्हणे. ते वाचून तिनं त्या दिवशी घरात शिरा केला. कशासाठी, ते कुणाला नीट सांगता आलं नाही, पण सगळ्यांनी आवडीनं खाल्ला.

तिच्या आकड्यांत एक नवलाची गोष्ट दिसत होती. ठरावीक ठिकाणी रांगेचा स्वभाव अचानक पालटत होता. असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. प्रबंधाचा जीव त्यातच होता. फक्त चैत्रातला एक आकडा तसं म्हणत नव्हता.

"एकच वेगळा येतोय ना?" सर फोनवर म्हणाले होते. "काहीतरी गडबड झाली असंल. वगळा तो."

तिनं वगळला. पण प्रबंध बांधायला देण्याआधी चाळताना त्याच्यापाशी बोट अडलं. चैत्रात काय वेगळं होतं?

"आत्या, चैत्रात आपल्याकडं काय होतं हो?"

इरम्माबाई ज्वारी निवडत होत्या. "काय म्हंजे? गोरोबाकाकांची यात्रा. पावण्यांच्या भाकरी थापून माझे हात गेले, इसरलीस व्हय? एक बरं, पंखा तरी चालू होता. यात्रंत लाइट कुठं जाती?"

राजेश्वरी तशीच उठली. स्वतः लिहिलेला भाग उघडून ओळ न् ओळ वाचू लागली. काम जपलं जात होतं, बेरजा जपल्या जात होत्या. रँडम आकड्यांची मालिका मात्र जपायची राहिली होती. लाइट आली की ती दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायची. म्हणजे नळी पोत्याच्या त्याच जागी, पुन्हा पुन्हा. मोठ्या केंद्रांवर काम एखाद-दुसऱ्या वेळी थांबतं, तिथं हे जाणवणारही नाही. तेरमध्ये दिवसातून कितीदा! यात्रेचा तो एकटा आकडाच खरा होता. बाकी सगळे खोटे.

जेवताना तिनं सोमलिंगला सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला.

"कुणाच्या ध्यानात आलंय का?"

"न्हाय."

"मग प्रबंध दे, मुलाखत होऊ दे. मागनं सांग की. चूक कुठं पळून जाती?"

"आणि तवर तो पोरगा?"

"कोण पोरगा?"

"शिरा केलता बघा, तो."

सोमलिंगनं ठेवलेला घास पुन्हा उचलला. म्हणाला, "मला त्यातलं कळत न्हाय. पर पुढल्या साली तुला वय माफ करणार न्हाईत, येवढं कळतंय."

ते तिलाही कळत होतं. हात धुऊन ती यंत्रासमोर बसली आणि सगळ्या जगाला दिसेल अशा पानावर लिहिलं: हा भाग माझा आहे, चूक माझी आहे. ज्यांनी वापरला त्यांनी आपली उत्तरं पुन्हा काढावीत. खाली दुरुस्ती जोडली. मग सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "मीच वगळा म्हणालो होतो."

"सर, यात्रेत लाइट जात नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"विचारायला हवं होतं, राजेश्वरी." ते खाकरले. "या उद्या. सही केलेली पानं मला परत द्या."

उन्हाळाभर तिनं आकडे नव्यानं काढले. नवल विरून गेलं. रांगेचा स्वभाव पालटत नव्हता, लोकांना आधीपासून माहीत होतं तेच निघत होतं. त्या विद्यार्थ्यानं कळवलं, त्याचा शोधनिबंध छापायला गेला होता, तो त्यानं वेळेत थांबवला. पत्र छोटं होतं. त्यात आनंद नव्हता, रागही नव्हता.

जागेवर निखत नावाची मुलगी आली, हुशार आणि जरा बावरलेली. पहिल्या दिवशी राजेश्वरीनंच तिला प्रयोगशाळा दाखवली. कुठलं कपाट अडकतं, कुठल्या नळाला पाणी नाही, सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमचं पीएच.डी. कुठवर आलं?" निखतनं सहज विचारलं.

"प्रश्नच नवा घ्यावा लागला," राजेश्वरी म्हणाली. किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि पहिल्या वर्षाच्या तासाला गेली.