फासे न फेकायची जागा

डोरीन ग्रीनवुड गेली तेव्हा लंडनच्या एका वर्तमानपत्रानं तिच्यावर अर्धं पान छापलं. 'कल्पनाखेळांच्या आद्य रचनाकारांपैकी एक' असं त्यात म्हटलं होतं. टॉडमर्डनमध्ये, आमच्या गावात, ते वाचून लोक बुचकळ्यात पडले, कारण इथं ती शाळेच्या स्वयंपाकघरातली डोरीन होती. सव्वीस वर्षं तिनं गावातल्या पोरांना कुस्करलेला बटाटा वाढला, आणि कुणी ताटात टाकलं तर त्याचं नाव ती पुढची दहा वर्षं लक्षात ठेवायची.

मी १९७९ पासून दर गुरुवारी तिच्या टेबलाला बसत आलो. तेव्हा मी पोस्टमन होतो, आता निवृत्त आहे. पण म्हणून मी तिची आरती ओवाळणार नाही. ती हट्टी होती, चहा पाण्यासारखा करायची, आणि चूक कबूल करणं तिच्या रक्तातच नव्हतं. घरच्या गोष्टी तर ती चुकूनही काढायची नाही.

तिचा खेळ 'धुक्यापलीकडे'. १९७७ साली तिनं तो गावातल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, सायक्लोस्टाइल यंत्रावर काढला, एकशेवीस प्रती, आणि शाई अशी की वाचणाऱ्याची बोटं निळी व्हायची. खेळायची रीत साधी. समोर काय आहे ते डोरीन सांगायची, आपापलं पात्र काय करतं ते आम्ही सांगायचो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवायचे. दुसऱ्यांच्या खेळात तेव्हा नुसत्या लढाया असायच्या. डोरीननं खेळात थंडी आणली, भूक आणली, ओले मोजे आणले. ओल्या मोज्यांचा तिचा एक अख्खा तक्ता होता. आमच्या टेबलावरच्या क्लाइव्हचं पात्र, एक सरदार, त्र्याऐंशी साली त्या तक्त्यानं मेलं, आणि तिच्याकडे मेलेलं पात्र परत येत नसे. क्लाइव्ह अजून कुरकुरतो. आता तो सत्तरीला आला आहे.

तिच्या अंत्यसंस्काराला आम्ही सगळे खिशात फासे घेऊन गेलो होतो. प्रत्येकानं एकेक शवपेटीत ठेवायचा असं ठरलं होतं. पण दहनात प्लास्टिक चालत नाही म्हणून तिथल्या माणसानं नम्रपणे नकार दिला. क्लाइव्ह त्याच्याशी नियमावलीचं कलम मागून वाद घालायला लागला, तेव्हा नसीमनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. नसीम गावातलं औषधांचं दुकान चालवते. आमच्यातली शहाणी म्हणता येईल अशी तेवढीच.

मग क्रिकेट क्लबच्या खोलीत चहा झाला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर एक म्हातारी येऊन बसली. ऐंशीची असेल. ताठ, निळी टोपी, पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"तुम्ही तिच्या त्या खेळातले का?"

"हो."

"मी तिची बहीण."

मी कप खाली ठेवला. त्रेचाळीस वर्षांत डोरीनला बहीण असल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि बाई राहत होत्या हॅलिफॅक्सला, बसनं तासाभराच्या अंतरावर!

त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं, जणू पाठ करून आल्या होत्या. १९८६ साली असले खेळ म्हणजे सैतानाचं काम अशी आवई उठली होती. तेव्हा त्याच चॅपलमध्ये ह्या बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि डोरीनला खेळासाठी सभागृह देऊ नका म्हणाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी आई वारली. डोरीन डब्यात घरी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन बहिणीच्या दारात आली.

"मी दार उघडलं, तिला बघितलं, आणि लावून घेतलं. ती पंधरा मिनिटं पायरीवर उभी होती. मी पडद्याआडून बघत होते ना. मग गेली." त्यांनी पर्सची कडी उघडली, मिटली. "तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा. मला एकच विचारायचंय, म्हणून आलेय. ती माझ्याबद्दल काय म्हणायची? शिव्या घालत असेल तरी चालेल. सांगा."

"काही नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"तिला बहीण आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

खोटं बोलायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. बाईंच्या ओठांचा रंगच गेला.

"शिव्या परवडल्या असत्या," त्या म्हणाल्या आणि हातमोजे शोधायला लागल्या.

तेवढ्यात नसीम आल्याच्या केकचा ट्रे घेऊन आली. मागोमाग क्लाइव्ह, तोंडात सँडविच.

"एवढ्यात निघालात? केक तरी घ्या," नसीम म्हणाली. "आपली ओळख नाही झाली. नाव काय तुमचं?"

"एडना. एडना क्रॅबट्री. डोरीनची बहीण."

नसीमनं ट्रे टेबलावर ठेवला, कोटाच्या खिशात हात घातला, आणि तिचे तिन्ही फासे साखरेच्या वाडग्यात ठेवले. क्लाइव्हनंही ठेवले. मीही ठेवले, आणि आपण काय केलं ते मला त्यानंतर कळलं. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप गेला.

"हे काय?" एडनाबाई ओरडल्या. "साखरेत?"

 नसीमनं सांगायला घेतलं.

"खेळात एक खानावळ आहे. कुठल्याही वाटेनं जा, रात्र झाली की ती लागतेच. तिच्या मालकिणीचं नाव एडना. तिच्या दारात आलं की सगळ्यांनी फासे वाडग्यात ठेवायचे. तिथं फासे फेकायचे नाहीत. म्हणजे तिथं कुणालाही काही होत नाही. खेळातली तेवढी एकच जागा अशी आहे."

"आणि ती बाई? ती कशी आहे?"

क्लाइव्हच्या जिभेला हाड नाही. "महाखवचट! पाय पुसल्याशिवाय आत घेत नाही, प्रार्थना म्हटल्याशिवाय चमचा उचलू देत नाही, आणि रस्सा असा वाढते की बशीचा तळ दिसावा. आम्ही तर तिला—"

नसीमनं त्याच्या पायावर पाय दिला. "पण ती कुणाला हाकलत नाही," ती म्हणाली. "मी सतरा वर्षांची होते पहिल्यांदा खेळायला आले तेव्हा. माझं पात्र चेटकिणीचं होतं, आणि तिला जाळायला अख्खं गाव मागे लागलं होतं. एडनानं तिला आत घेतलं आणि गाववाल्यांना म्हणाली, आमचं जेवण चाललंय, नंतर या."

"बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात," एडनाबाई म्हणाल्या. पण हातमोजे परत पर्समध्ये गेले. "तिला कधी कुणी मारलं नाही? त्या बाईला?"

"मी बघितलं होतं मारून," क्लाइव्ह म्हणाला. "त्र्याण्णव साली. कंटाळा आला होता, म्हटलं घालावा म्हातारीच्या डोक्यात हातोडा. डोरीननं वही मिटली आणि माझा कोट माझ्या हातात दिला. तीन आठवडे घरात घेतलं नाही मला! राजा मारला होता मी त्याआधी, बिशप मारला होता, तेव्हा बया हसत होती."

"कधी घातली तिनं ही खानावळ?" एडनाबाईंनी विचारलं.

आवृत्त्यांचा विषय निघाला की क्लाइव्हला थांबवता येत नाही. "पहिल्या आवृत्तीत नाही. दुसरीत आली. सत्त्याऐंशीचा मार्च. प्रकाशक म्हणाला होता काढा, ह्यानं खेळातली भीती जाते. डोरीन म्हणाली, मग पुस्तकच छापू नका. म्हणजे तिनं ते लिहिलं असणार त्याच्या आदल्या हिवा—"

आणि बाईंचा चेहरा बघून तो थांबला. क्लाइव्हला वाक्य अर्धवट सोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तेव्हा उमगलं: बहिणीनं दार लावून घेतलं तोच हा हिवाळा. एवढी वर्षं आम्ही त्या बाईच्या कंजूष रश्शाला हसत होतो, आणि ती कुणीतरी खरी असेल असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला आमची लाज वाटली.

एडनाबाईंनी वाडग्यातला एक फासा उचलला, साखर झटकली आणि परत ठेवला.

"त्या बाईचं कोण बोलायचं?" त्यांनी विचारलं.

"डोरीनच," नसीम म्हणाली. "सगळ्यांचं तीच बोलायची. पण एडनाचा आवाज वेगळा काढायची."

"दार उघडल्यावर ती काय म्हणायची?" बाई अडखळल्या. "म्हणजे... मी काय म्हणायचे?"

"दर वेळी एकच," नसीम म्हणाली. "'उशीर केलात. या आत.'"

एडनाबाईंनी मान हलवली. मग, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, त्या म्हणाल्या, "उशीर केलास. ये आत."

आवाज हुबेहूब तोच होता, डोरीन खानावळीच्या दारात काढायची तो. क्लाइव्हनं तोंड फिरवलं, आणि नसीम खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवेपर्यंत त्या तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.