पॉलिशवाल्याची परीक्षा

व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढून पॉलिशवाला कामावर परतला. केंद्राने त्याची दारू सोडवली, पण धंदा तोच राहिला, आणि लाकडाच्या पॉलिशची लाख विरघळते ती स्पिरिटमध्येच. त्यामुळे संध्याकाळी त्याच्या अंगाला वास यायचाच. शेवटी बायकोने वास घेणे सोडले आणि दारातच सुईदोरा पुढे करायला सुरुवात केली. पूर्वी प्यायला की त्याला सुई काय, घराचे दारही सापडत नसे. "आता एकदा जरी प्यायलात, तर लेकीला घेऊन भावाकडे जाईन," असे तिने बजावलेच होते.

त्या दिवशी दोरा तीनदा हुकला. आत लेकीचे मोठ्याने चाललेले पाठांतर थांबले.

"हात का थरथरतोय?" बायकोने विचारले.

"भीती वाटते गं. रोज हा दोरा हुकेल असे वाटते."

बायकोने त्याच्या हातातून सुईदोरा घेतला.

"प्यायल्यावर तुम्ही कुणाच्या बापाला घाबरत नव्हता," असे म्हणून तिने दोरा स्वतःच ओवला. "या आत."

सुई मात्र तिने दाराच्या पडद्यालाच टोचून ठेवली, उद्यासाठी.