कोहळा कोणी फोडायचा?

मंडळी, हात अजून कुंकवाने लाल आहेत, तशीच टाइप करतेय.

दहा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांवर असिस्टंट म्हणून राबले. आज सकाळी तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत माझ्या स्वतःच्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शक मी, निर्मातीही मीच.

इथे चेन्नईत पहिल्या शॉटआधी कॅमेऱ्याची दृष्ट काढून निर्माता रस्त्यावर कोहळा फोडतो. आमचे लाइटमन सेल्वमअण्णा यांनी कुंकू भरलेला कोहळा, वर कापूर पेटवून, माझ्या हातात दिला. आणि मी काय केलं? सरळ कॅमेरामनपुढे धरला!

आमच्या घरी कोहळ्याला पहिली सुरी पुरुषानेच लावायची. बाबा नसले की आई शेजारच्या काकांना बोलवायची. तेच अंगात भिनलेलं.

अण्णा वैतागले. "पिक्चर तुमचा ना, अम्मा? मग तुम्हीच फोडा."

फोडला!

जेवणाच्या सुट्टीत आईला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "एका दणक्यात फुटला का गं?"

खरं सांगा, तुमच्याकडे अजून शेजारच्या काकांना हाक जाते का?