उशिरा उठणारा डॉक्टर

थंडीत परळच्या गिरण्यांचा धूर सकाळी दादरच्या किनाऱ्यापर्यंत येऊन बसे. आमच्याकडे कपडे दुपारनंतरच वाळत पडत. त्या दिवसांत एक म्हातारी कोळीण धाप लागलेल्या नातीला कडेवर घेऊन रोज समुद्राकडे तोंड करून उभी दिसे.

"डॉक्टरला दाखवलंत का?" मी एकदा विचारलं.

"त्याचीच वाट बगतंय गो बाय. त्यो उशिरा उठतो."

इतक्यात पोरीच्या कपाळावरचे केस हलले. म्हातारीने तिला दोन्ही हातांनी उंच धरलं. "आला. घे गो माये, घे."

समुद्रावरचा वारा सुटला होता. आकाशभर पसरलेला तो धूर पाहता पाहता मागे सरला आणि लख्ख ऊन पडलं. पोरीची धाप हळूहळू बसली.

"आजचा दिस निभावला," म्हातारी म्हणाली.