आज आमच्यात कापत न्हाईत

मधुमेहाने आजवर पुष्कळ माणसे वठणीवर आणली असतील, पण मधुमेहालाच वठणीवर आणायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याशीच माझा चाळीस वर्षे संसार चालू आहे. शिराळ्याजवळच्या आमच्या गावात यांना सगळे फौजी म्हणतात. पलटणीतून निवृत्त होऊन हे घरी आले, रानात ऊस लावला, आणि पहिला ऊस तुटायच्या आत डॉक्टरांनी यांच्या रक्तात साखर शोधून काढली. तेव्हापासून आमच्या घरात लढाई सुरू आहे आणि यांच्या मते ती हे जिंकत आले आहेत. साखर तपासायच्या यंत्रावर आकडा कमी आला की हे तो खडूने दारामागे लिहून ठेवतात. जास्त आला की यंत्र बिघडलेले असते.

लग्नाकार्यात पंगतीला बसले की "मला शुगर हाय, गोड वाढू नका," असे हे इतक्या मोठ्याने सांगतात की चार घरची माणसे आग्रहाला धावून येतात. मग त्यांचा मान राखावा लागतो. ऊस मात्र हे उघडउघड खातात. एकदा बांधावर बसून कांडे सोलताना मी पकडले, तर चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आवं, डॉक्टरनी ऊस खाऊ नका म्हटलंय न्हवं?"

"साखर कारखान्यात तयार हुतीया. उसात नुसतं पाणी असतंय. रोज मी पाजतो त्येला, मला ठावं न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी चालायला सांगितले तर हे पहाटे गावातून डावा-उजवा करत संचलन काढतात आणि मागून गल्लीतली दोन कुत्री शिस्तीत चालतात. रानात मात्र पायात चप्पल घालायची नाही. काळ्या आईवर पायताण घालून उभे राहणे यांना पटत नाही, आणि याच हट्टाने घात केला. आषाढात उसाला खत टाकताना जुना धारदार बुडखा यांच्या पायाच्या बोटात घुसला. हे तसेच घरी आले, चहा प्यायले, पेपर वाचला. फरशीवरचे रक्ताचे ठसे मी पाहिले. "लागलं कुठं?" म्हणून विचारले, तर यांनाच ठाऊक नव्हते. ऐन बर्फात पहारा केलेल्या माणसाला स्वतःच्या पायाचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

जखम भरेना, बोट काळे पडू लागले. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले, साखरेने पाय बधिर झालेत, पंधरा दिवस बघू, साखर उतरली नाही तर बोट काढावे लागेल. घरी आल्यावर दाराआड ठेवलेली उसाची मोळी यांनी स्वतः उचलून म्हशीपुढे टाकली. पंधरा दिवस मी मोजून देईन तेवढीच भाकरी यांनी खाल्ली. मी पट्टी बदलत असताना हे छताकडे बघत बसायचे आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडायची.

सोळावा दिवस नेमका नागपंचमीचा आला. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवासुद्धा चढत नाही. मी सकाळीच पुरणाची दिंडं उकडून ठेवली आणि आम्ही सांगली गाठली. डॉक्टर पट्टी सोडायला वाकले, तसे हे खुर्चीत ताठ झाले.

"डॉक्टरसायब, आदीच सांगतो. आज नागपंचमी हाय. आज आमच्यात कापत न्हाईत. ही भाजी चिरत न्हाई, आन तुमी माझं बोट कापणार व्हय?"

डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोट दाबून पाहिले. मग हसले. "फौजी, आज काहीच कापायचं नाही. उद्याही नाही. जखम भरत आली आहे."

सांगलीच्या स्टँडवर लंगडत्या पायाने यांनी जे संचलन केले, ते पाहायला कुत्री तेवढी कमी होती. घरी आल्यावर मी एक दिंड ताटात ठेवले. यांनी ते बोटांनी मोडले, अर्धे माझ्या ताटात टाकले आणि म्हणाले, "हे कापणं न्हवं." मला रडू आले, आणि मी ते लपवलेही नाही.

आता हे रानात लष्करी बूट घालून जातात. काळ्या आईची रोज बांधावर माफी मागून मगच सरीत उतरतात. संध्याकाळी मी यांचे पाय धुऊन पुसते, एकेक बोट तपासते. हे डोळे मिटून बसतात आणि मी कुठल्या बोटाला हात लावला ते ओळखतात. तसा आमचा खेळच आहे.

"मधलं," हे छाती काढून सांगतात.

माझा हात करंगळीवर असतो.

"बरोबर," मी म्हणते.