शांत माणसावर माझा संशय

मी कमी बोलतो. ऑफिसात, घरात, लग्नकार्यात, सगळीकडेच. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विचारी समजतात आणि तो समज मी कधी खोडून काढला नाही. त्या समजापायी माझ्या भाचीचं लग्न मोडता मोडता राहिलं. म्हणून आता एकदा सगळं सांगून टाकतो.

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी रोज आठ वाजता गुन्ह्याची मालिका लागते. बघणारे ठरलेले: आई, बायको, मोठी ताई, ताईची मुलगी आणि मी. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहते. भावजींची नोकरी फिरतीची, म्हणून मायलेकींचं रात्रीचं जेवण आमच्याकडेच असतं. मालिका बघण्याचा नियम आईनं घालून दिलाय. शेवटच्या जाहिराती लागल्या की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं. ज्याचं चुकेल त्यानं भांडी घासायची. भांडेवाली आमच्याकडे फक्त सकाळी येते, त्यामुळे आमच्या घरी अंदाज जरा विचार करूनच वर्तवला जातो.

भाची मानसशास्त्र शिकलेली, एका शाळेत मुलांचं समुपदेशन करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिनंच आम्हाला सांगितलं की या मालिकांमध्ये माणसं बदलतात, साचे बदलत नाहीत. सगळं ठाऊक असलेला म्हातारा हवालदार, सोसणारी आई, हसता हसता खरं बोलून जाणारा टवाळ, चांगुलपणाचा मुखवटा लावलेला शेजारी. आणि सावली. सावली म्हणजे आपल्यातलं जे आपल्यालाच बघवत नाही ते. आई म्हणाली, "हे तर आपल्या पाऱ्यातलेच लोक झाले." आणि कोण कोणत्या साच्यातलं ते तिनं जाहिराती संपेपर्यंत नावानिशी सांगितलं.

या खेळात माझं सहसा चुकायचं नाही. मी जरा थांबायचो, छताकडे बघायचो आणि म्हणायचो, "वहिनी. मुखवटा फार घट्ट बसलाय." खुनी वहिनीच निघायची. आई कौतुकानं म्हणायची, "याले माणूस आरपार दिसते." बायको भांडी घासायला उठायची.

खरी गोष्ट अशी की तोच भाग मोबाइलवर दुपारीच येतो. महिन्याचे पैसे भरले की झालं. मी ऑफिसात डब्याच्या सुट्टीत कानात तार घालून तो बघायचो. पहिल्यांदा केलं ते केवळ भांड्यांच्या कंटाळ्यापायी. नंतर आईच्या त्या वाक्याची चटक लागली. एखाद्या दुपारी नेट बंद असलं की माझी पंचाईत व्हायची. मग मी अंदाजानं मालिकेतल्या सगळ्यात शांत माणसाचं नाव घ्यायचो, आणि नेमका तेव्हाच चुकायचो. "आज डोकं दुखतंय," असं सांगून भांडी घासायचो.

या हिवाळ्यात भाचीसाठी एक मुलगा घरी आला. तसा तो तिनंच बघितलेला होता, आम्ही फक्त हव, म्हणजे हो, म्हणायचं होतं. गोंदियाकडचा, नव्या रायपूरला नोकरी, समता कॉलनीत भाड्यानं राहणारा. रविवारी सकाळी पोहे खायला आला. आईनं जेवढे प्रश्न विचारले तेवढेच शब्द त्यानं उत्तरात खर्च केले. खाणं झाल्यावर बशी स्वतःच उचलून मोरीत नेऊन ठेवली, नमस्कार केला आणि गेला.

दार लागताच आई माझ्याकडे वळली. "सांग बावा आता. तुले माणूस कळते."

ताई हातातलं काम टाकून उभी राहिली. भाची खिडकीशी होती, तिचंही लक्ष माझ्याकडेच. मी सवयीनं छताकडे बघितलं. पोरगा चांगला आहे, एवढं म्हणून थांबायला हवं होतं. पण जे लोक रोज आपल्या तोंडाकडे बघतात त्यांना फक्त 'चांगला आहे' सांगायचं जिवावर येतं. मी म्हणालो, "पोरगा चांगला आहे. पण फार शांत आहे. अशा माणसाच्या आत काय चाललंय, सांगता येत नाही."

ताईचा चेहरा उतरला. भाची आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी ताईला स्कूटरवर बसवून गोल बाजारात नेलं. लग्नाची पितळी भांडी तिनं आधीच पसंत करून ठेवली होती. दुकानदारानं डबे काढायला घेतले तर ताई म्हणाली, "अभी रुकिए भैया. देखते हैं." त्या मुलालाही तिनं 'थोडं थांबू' असा निरोप दिला होता. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, "बरं झालं तू बोलला. मले तर काही दिसलंच नसतं." माझ्यानं आरशात बघवेना.

भाची त्या दिवसांत रोज यायची, जेवायची, पण खेळात भाग घ्यायची नाही. 'पता नहीं' म्हणून आपणहून भांड्यांकडे वळायची. ते बघून मलाच लाज वाटायला लागली. शेवटी एका दुपारी मी मोबाइल खिशातून काढलाच नाही. म्हटलं, आज इतरांसारखं बसू.

त्या रात्रीच्या भागात एक रडणारी सून होती, सगळ्यांना हसवणारा मेहुणा होता आणि कोपऱ्यात उभा राहणारा गरीब चेहऱ्याचा कंपाउंडर होता. आवाज बंद झाला. मी मनापासून विचार केला आणि म्हणालो, "कंपाउंडर."

खुनी निघाला मेहुणा.

"असं कसं झालं?" आई म्हणाली. तिला खरंच काळजी वाटली होती.

भाचीनं उष्टी ताटं उचलता उचलता विचारलं, "मामा, आज दोपहर में नेट नहीं चला क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"जब सुराग दिखाते हैं तब आप पापड़ खाते रहते हो. जिसको सच में ढूँढना हो वो स्क्रीन देखता है."

मग मी सांगितलं. डब्याची सुट्टी, कानातली तार, सगळं. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बायको म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी भांडी घासून राहिली आणि तुम्ही..." आणि पुढे तीही हसली. ताई हसली नाही.

"म्हणजे त्या पोराले तू टीव्ही पाहून फाशी दिली?"

"टीव्ही बघून नाही," मी म्हणालो. तेच सांगणं सगळ्यात जड होतं. "टीव्हीचं तर मला आधीच माहीत असायचं. त्या पोराचं काहीच माहीत नव्हतं."

भाची ताटं खाली ठेवून माझ्यासमोर बसली. "आप जब भी बिना देखे बोले, हर बार चुप आदमी को पकड़ा. क्योंकि इस घर में चुप आदमी एक ही है, और वो कुछ छुपा रहा था. अपनी सावली उस लड़के पे डाल दी आपने." तिचा आवाज शाळेतल्या मुलांशी बोलताना असावा तसा मऊ होता. मन असं आपल्या नकळत काम करतं, हे तिनं आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. मी दर वेळी मान डोलावली होती, ती त्या मालिकेतल्या लोकांसाठी.

ताई म्हणाली, "हे आता त्याले जाऊन तूच सांग. मी नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर समता कॉलनीत गेलो. त्यानं दार उघडलं, घाबरल्यासारखा बाजूला झाला आणि न विचारता चहा ठेवला. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. तो ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून ऐकत होता.

"मले वाटलं, मी पोहे पुन्हा मागितले नाही म्हणून आजीले राग आला," तो म्हणाला.

"नाही. मला तू खुनी वाटला."

तो वळला. "काहून?"

"बशी उचलून ठेवली म्हणून. पुरावा नाहीसा करतात तसं वाटलं."

"मग मी कसा मारला असता म्हणता, मामाजी?"

"विष घालून," मी म्हणालो. आता काय लपवायचं?

"कशात?"

एव्हाना कप माझ्यापुढे आला होता. मी त्याकडे बघितलं, त्यानंही बघितलं, आणि तो असा हसायला लागला की त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मग माझा कप उचलून त्यानं एक घोट घेतला, मला दाखवून गिळला आणि कप परत माझ्यापुढे ठेवला. "घ्या. आता प्या बिनधास्त."

मी ताईला फोन लावला. "काय म्हणून राहिला?" तिनं विचारलं.

"हसून राहिला."

"त्याले दे."

तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. आधी 'जी', 'हव' एवढंच ऐकू आलं. मग भाचीनं फोन घेतला असावा, कारण त्याचा आवाज मोकळा झाला. कंपाउंडरची आणि मेहुण्याची गोष्ट तो पहिल्यापासून सांगायला लागला, मध्येच माझी नक्कलही करायला लागला, तीही मी सांगितलं होतं तशी, छताकडे बघून. इतकं बोलणारा पोरगा त्या रविवारी आमच्याकडे आला होता, हे सांगून कोणाला पटलं नसतं. मी आत बसून चहा संपवला. साखर जरा जास्त झाली होती, पण त्याबद्दल मी काही बोललो नाही.