गयाबाईचा शब्द, गयाबाईचं नाव

गयाबाईचं कार्ड पुन्हा नापास झालं. शेरा तोच: 'प्रचलित नाही.' शब्द होता सरवा. काढणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं. बिनजमिनीची माणसं ती वेचून घरी नेतात. निम्मा जिल्हा हे करतो, आणि म्हणे प्रचलित नाही!

परभणीच्या एका संस्थेत शेतीच्या बोलीशब्दांचा कोश कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालू होतं. प्रोग्राम माझा. त्याआधी मी नामांतराची पत्रकं लिहायचो, त्यामुळे संस्थेत मला जरा जपूनच हाक मारत. कामाची पद्धत सोपी होती. गावातून आलेला शब्द नंबर घातलेल्या कागदी कार्डावर उतरायचा. मग एन्ट्री, मग तपासणी, मग मंजुरी. शब्द कुठल्या पायरीवर अडलाय ते स्क्रीनवर दिसायचं. मधली पायरी कुणालाच गाळता येत नसे. तपासणी होती गुरुजींकडं. रिटायर्ड शिक्षक, अक्षर मोत्यासारखं.

मी नापास शब्दांची यादी काढली आणि पास शब्दांशी ताडून पाहिली. सरवा दोन्हीकडं होता. चारठाण्याच्या एका बागाईतदारानं सांगितलेला पास. पूर्णेजवळच्या वस्तीतल्या गयाबाईनं सांगितलेला नापास. असे आणखीही निघाले. तपासणीच्या स्क्रीनवर सगळ्यात वर सांगणाऱ्याचं नाव, गाव, वस्ती दिसायची. ती रचना माझीच.

यादी घेऊन मी संस्थेच्या साहेबांकडं गेलो.

"साहेब, गुरुजी शब्द तपासत न्हाईत, वस्ती तपासायलेत."

"पत्रक वाचू नको. चुकून झालं असेल."

"चूक एकाच बाजूला कशी होते?"

"तू प्रोग्राम लिहायला आलास का मोर्चा काढायला?"

"मग प्रोग्रामच लिहितो."

मी सगळ्यांच्या नाव-गाव-वस्तीच्या जागी कार्डाचे नंबर टाकले आणि नापास कार्डं पुन्हा तपासणीला लावली. गुरुजी भडकले. "शब्द कुणाचा ते कळल्याशिवाय तपासू कसा?"

"शब्द तपासा ना, गुरुजी. माणूस कशाला?"

आठवड्याभरात गयाबाईची जवळजवळ सगळी कार्डं पास झाली. सरव्यापुढं तर गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं: 'हा अर्थ अधिक नेमका. आधीचा बदलावा.' मी ऑफिसला चहा पाजला.

पहिला खर्डा प्रिंट झाला तेव्हा गयाबाईला बोलावलं. ती पॅसेंजरनं आली. साक्षरता वर्गात ती नुकतीच स्वतःचं नाव लिहायला शिकली होती. तेवढंच वाचता यायचं. बोट ठेवून ती पान न् पान बघायला लागली. शेवटचं पान झालं, पुन्हा पहिल्यापासून.

"काय शोधायलात, मावशी?"

"माजं नाव."

"नाव न्हाई, नंबर हाय. तपासणारा नाव बघून शब्द नापास करायचा, म्हणून काढलं."

"कुणी काढलं?"

"मी."

"मंग त्येच्यात अन् तुज्यात काय फरक? त्यो माजा शब्द ठिवंना, तू मला ठिवंना."

शेजारच्या टेबलावर गुरुजी ऐकत होते. "सरवा यांचा?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी खर्डा ओढून सरव्याचं पान काढलं. मग म्हणाले, "पास मीच केलाय. राहू दे."

"पुढच्या खर्ड्यात नाव घालतो, मावशी."

"घाल की. मी बसते हितंच."

आता माझी अक्कल ऐका. नाव फक्त स्क्रीनवर झाकायचं होतं. मी ते फाइलमधूनच पुसलं होतं, आणि जुन्या फ्लॉपीवरही नवीच फाइल चढवली होती. नावं उरली होती ती कागदी कार्डांवर. आम्ही कार्डांची ट्रंक उघडली. गुरुजी एकेका कार्डाचा नंबर आणि नाव मोठ्यानं वाचत, मी टाइप करत गेलो. गयाबाईचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला, पण त्यांनी वाचलं पूर्ण, वस्तीसकट. तिनं स्क्रीनवर ते बघितलं, बोट ठेवून खात्री केली, आणि परतीची गाडी गाठायला निघाली.

मग मी प्रोग्राममध्ये एक पायरी वाढवली. तपासणीचा निर्णय एकदा नोंदला की तो बदलता येत नाही, आणि त्यानंतरच सांगणाऱ्याचं नाव उघडतं. तिथून पुढं ते छापण्यापर्यंत कुणालाच काढता येत नाही. मलासुद्धा.

निवाडा करताना नाव झाका, श्रेय देताना उघडा. काम एवढंच आहे. आपल्याकडं ते नेमकं उलटं चालतं, आणि उलटं चालवणाऱ्यांत एकदा मीही होतो.